गुडघ्याची वाटी काय सांगते?



आपल्या कसारा, शहापूर, मुरबाडकडे
निवडणं-टिपणं उकिडवं बसूनच होतं.
या बसण्याची खूण हाडावर उमटते.

गुडघ्याच्या वाटीला हात लावा.
तिच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्याशी
मांडीचा एक स्नायू जोडलेला असतो.
काहींच्या वाटीला तिथेच लहानशी खाच असते.
सतत गुडघे दुमडून बसल्याने तिथे ताण येतो,
असं अनेक अभ्यासक मानतात.

पण खाच उपजतही असू शकते.
म्हणून जुना सांगाडा तपासताना एकट्या वाटीवर विसंबायचं नसतं.
नडगीचं खालचं टोक बघायचं,
घोट्याचं हाड बघायचं.
उकिडवं बसताना ही हाडं एकमेकांना टेकतात.
तिथे गुळगुळीत ठसा पडतो.
होय, बसण्याची खूण हाडावर उमटते.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे.
डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे उत्खनन केलं.
सुमारे 3000 वर्षांपूर्वीचे शेतकरी सापडले,
घरांच्या जमिनीखाली पुरलेले.
प्रौढांची पावलं मात्र पुरताना तोडलेली!
घोट्याची साक्ष तिथे हरवते.
मग गुडघ्याची किंमत वाढते.

एक पुरुष मात्र वेगळा.
चार पायांच्या मातीच्या रांजणात,
बसलेल्या स्थितीत, पावलांसकट पुरलेला.

मंडळी, नांगरताना, पाया खणताना
जुनी हाडं, खापरं दिसली,
तर ती उचलू नका.
काम थांबवा,
आणि तहसील कार्यालयाला कळवा.