बापूंच्या नावाचे दोन राग

श्रोतेहो, सेवाग्रामच्या प्रार्थनेतली भजनं आपल्या वर्धेकरांच्या कानांत बसलेली आहेत. पण बापूंच्या नावाने रागही बांधले गेले, ते ऐकलेत का?

१९४८ साली बापू गेले, तेव्हा आकाशवाणीने रविशंकरांना तबल्याशिवाय काही शोकपूर्ण वाजवायला सांगितलं. त्यांनी ‘गांधी’ या नावातूनच ग, नी, ध हे स्वर उचलले आणि मालकंसाच्या अंगाने ‘मोहनकंस’ उभा केला. ‘होमेज टू महात्मा गांधी’ या १९८१ च्या तबकडीत तो आहे.

कुमार गंधर्वांनी १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीला ‘गांधी मल्हार’ रचला. मला आधी हे पटलं नव्हतं. श्रद्धांजलीला मल्हार कशाला? ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं, यात विलाप नाहीच. क्षयाने फुप्फुस गमावलेला हा गायक आखूड श्वासात, ताठ उभ्या स्वरांनी एका माणसाचं धैर्य गातो. आणि मे महिन्यात होरपळणाऱ्या आपल्या जिल्ह्याला मल्हाराची ओढ काय असते, ते मी काय सांगू!

आता ही ध्वनिमुद्रणं मोबाइलवरही सापडतात. आधी सतार ऐका, मग गळा. मात्र लागोपाठ नको. मधे एखादी संध्याकाळ जाऊ द्या.