पाचशे मीटरला तीन मिनिटं

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यायामाच्या यंत्रावर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या, ते मला दिसलं. पण बाईच्या शरीरावर होणाऱ्या हिंसेबद्दल आपण बोलतो, बाळंतपणाबद्दल बोलतो. त्याच शरीराच्या ताकदीबद्दल आणि दमण्याबद्दल मात्र फारसं बोलत नाही. म्हणून हा विषय.

कामानिमित्त मी नांदेड-लातूर एसटीने सतत फिरते. बसून बसून पाठ धरली, तेव्हा एक जुनं रोइंग मशीन, म्हणजे वल्हवण्याचं यंत्र घरी आणलं. सरकत्या बैठकीवर बसायचं, पाय पट्ट्यात अडकवायचे आणि साखळीची मूठ ओढायची. समोरचा पंखा फिरतो आणि पडद्यावर आकडा येतो : या गतीने पाचशे मीटरला किती वेळ लागेल. माझा आकडा तीन मिनिटांच्या आसपास. येणारं-जाणारं माणूस तो वाचतं आणि म्हणतं, "एवढंच?"

या 'एवढंच'चा हिशेब आपण करू. अशा यंत्रावर वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट लावून भागत नाही, आठपट लागते. तीन मिनिटांच्या गतीला साधारण ६० वॉट लागतात, अडीच मिनिटांच्या गतीला १०४. म्हणजे तीस सेकंद वाचवायला जवळजवळ पावणेदोनपट ताकद हवी. नवशिकी बाई सावकाश असते त्यात आळस नाही, गणित आहे.

आणि सुरुवातीला सावकाशच ओढावं. जोर मुख्यतः पायांचा असतो. आधी पायांनी रेटायचं, मग कंबरेतून पाठ मागे न्यायची, शेवटी हात ओढायचे. परत जाताना याच्या उलट. मिनिटाला अठरा ते बावीस वेळा ओढलं तरी पुरे. शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, इतकाच दम लागू द्यावा. घाई केली की हात आणि कंबर पायांचं काम करू लागतात आणि पाठ दुखते.

आता वेग कोण ठरवतं ते पाहा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या नौकानयनाच्या शर्यती १९०० पासून आहेत. बायकांना प्रवेश मिळाला १९७६ साली, माँट्रियलला. तोही एक हजार मीटरपुरता. पुरुषांना दोन हजार. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा दोन हजार मीटर वल्हवल्या. बारा वर्षांत बायकांची शरीरं बदलली नव्हती, नियम बदलला होता.

आपल्याकडचं उदाहरण दत्तू भोकनळ यांचं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं दुष्काळी गाव. विहिरी खोदण्याच्या कामावर त्यांनी मजुरी केली. २०१२ साली सैन्यात गेले, तिथे पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे आले. मला त्यांचा अभिमान आहे. पण त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा हंडे-घागरी कोणाच्या डोक्यावर होत्या? विहिरीतून पोहरा ओढणाऱ्या हातांत ताकद आहे हे कोणाच्या लक्षात आलं? त्या हातांना प्रशिक्षण, खुराक आणि वेळ कोण देणार?

गटातल्या बाया मला म्हणतात, "ताई, आम्ही दिवसभर राबतोच की, वर व्यायाम कशाला?" प्रश्न खरा आहे. पण राबण्यात ओझं दुसरं कोणी ठरवतं, थांबणंही आपल्या हाती नसतं. खुरपताना तासन् तास वाकलेली पाठ फक्त झिजते. व्यायामात ओझं आपण ठरवतो, दमलो की थांबतो, आणि मग विश्रांती घेतो. त्या विश्रांतीतच शरीर बळकट होतं. बाईच्या वाट्याला कष्ट भरपूर येतात. विश्रांती येत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. मग जिना चढतानाही धाप लागते. अशा बाईला 'सुस्त' म्हणणं हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे. आधी तिच्या ताटाकडे पाहा, तिची पाळी किती जाते ते विचारा, मग तिच्या वेगाबद्दल बोला.

प्रत्येकीने यंत्र घ्यावं असं मी सांगत नाही. ते महाग आहे, जागाही अडवतं. गटाने मिळून चालणं, दोरीवरच्या उड्या, काहीही चालेल. मुद्दा अर्ध्या तासाचा आहे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास, आणि तेवढ्या वेळात चूल, मूल, सासूबाईंचं औषध घरातलं दुसरं कोणी पाहील. मागून बघा. घरात पैशापेक्षा जास्त भांडण या अर्ध्या तासावरून होतं, हा माझा अनुभव आहे. कारण त्या वेळात बाई कोणाच्याच उपयोगाची नसते, ती स्वतःची असते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीआधी सगळ्यांची हिमोग्लोबिन तपासणी करून घ्यावी; प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. आणि बैठकीच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : या आठवड्यात स्वतःसाठी किती मिनिटं मिळाली? वेगाचा रकाना नको. मिनिटं लिहा, आणि ज्या बाईच्या रकान्यात शून्य असेल तिच्या घरी आपण दोघी-तिघी मिळून जाऊ.