कथा कुठे पाठवायची?

(लेखन-शिबिरातील भाषणातून)

मैत्रिणींनो, काल दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, कथा लिहिलीय, पण पाठवायची कुठे?" बाजूला का, ते ठाऊक आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघालं तेव्हा मालतीबाई बेडेकरांनाही विभावरी शिरूरकर या नावाआड राहावं लागलं.

आपल्याकडे कथेचं मोठं घर म्हणजे दिवाळी अंक. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून ही प्रथा आहे. पण दिवाळीची कथा उन्हाळ्यातच पाठवायची. गणपती येईतो अंक बहुतेक भरलेले असतात. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं, त्याची हळहळ आता पुरे. विद्याताई बाळांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं, त्यात नव्याने लिहिणाऱ्या कितीतरी जणी आल्या.

पाठवण्याआधी वाचनालयात बसून त्या मासिकाचे दोन-तीन अंक चाळा. अनुक्रमणिकेत बायकांची नावं कुठे आहेत, कथांत की पाककृतींत, तेही बघा!

आता पत्त्याचं. आमच्या एका मैत्रिणीची 'साभार परत' आलेली कथा सासऱ्यांनी फोडली, घरभर वाचली गेली. ती पुढे सहा वर्षं लिहिती झाली नाही. आज ई-मेल आहे, पण फोन घरात सगळ्यांच्या हाती. तेव्हा उत्तरासाठी विश्वासातल्या मैत्रिणीचा पत्ता द्या, नाहीतर आपल्या केंद्राचा. टोपणनाव घेतलंत तर संपादकांना खरं नाव कळवा. एक प्रत जवळ ठेवा. तीन महिने उत्तर आलं नाही तर विचारा, संकोच कसला?

उद्या सकाळी मी इथेच आहे. वह्या घेऊन या.