किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर



आज एका घराबद्दल बोलतो. पत्ता आहे १०, किंग हेन्रीज रोड, लंडन. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते, असं भिंतीवरची निळी पाटी सांगते.

घर राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. एकाला एक चिकटून उभी असलेली विटांची घरं, वर-खाली सरकणाऱ्या उंच खिडक्या, छपरावर धुराडी. हा भाग ईटन शाळेच्या मालकीच्या जमिनीवर वसला. राजा सहाव्या हेन्रीने १४४० साली ती शाळा गरीब मुलांसाठी काढली, पुढे ती उमरावांची झाली. रस्त्याला नाव त्या राजाचंच.

त्या काळच्या अशा घरांत उतरंड बांधकामातच असे. स्वयंपाकघर तळघरात, मालकाची बैठक उंच छताच्या मजल्यावर, मोलकरीण पोटमाळ्यावर. पाहुण्यांनी पायऱ्या चढून पुढच्या दाराने यायचं, नोकरांनी खालच्या दाराने. आपल्या गावात वस्तीची दिशा ठरलेली, तिकडे मजला ठरलेला. पण पैसा आला की तिथे मजला बदलता येई. जात पैशाने बदलत नाही.

पुढे अशा मोठ्या घरांतल्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. बाबासाहेबही भाडेकरूच. त्याआधी १९१७ साली, परदेशात शिकून आलेल्या याच माणसाला बडोद्यात कुणी खोली दिली नव्हती. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. लंडनमध्ये अर्धपोटी राहून त्यांनी दिवस-दिवस ग्रंथालयात काढले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी.

महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेऊन स्मारक केलं. राहत्या घराचं संग्रहालय करायला तिथल्या स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. प्रकरण वर गेलं आणि २०२० मध्ये मंजुरी मिळाली.

मी पहिल्या नोकरीला परक्या शहरात गेलो, तेव्हा तीन घरमालकांनी आधी पूर्ण नाव विचारलं. ‘मग कळवतो’ म्हणाले. कुणी कळवलं नाही. चौथ्या दिवशी आपल्याच एका दादांनी त्यांच्या खोलीत सतरंजी टाकून दिली. त्या सतरंजीवर मी चार महिने काढले आणि नोकरी टिकली.

तुमच्यापैकी अनेकजण घरातले पहिले पदवीधर आहेत. कुणी दिल्लीत, कुणी हैदराबादेत, कुणी बंगळुरूत. लंडनला जाल तेव्हा ते घर जरूर बघा. पण त्याआधी, या जूनमध्ये गावाकडून एखादी पोरगी किंवा पोरगा तुमच्या शहरात शिकायला येईल. खोली मिळेपर्यंत त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या.

जय भीम.