मोटर गुणगुणते, पण फिरत नाही
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा आढावा आपल्या सचिवांनी घेतला, हिशेब खजिनदारांनी मांडला. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून तुम्हाला पुन्हा आकडेच ऐकायला लागतील अशी भीती काहींच्या चेहऱ्यावर दिसतेय. घाबरू नका. मी एका बंद पडलेल्या मोटरची गोष्ट सांगणार आहे. आकडे येतील, पण मोजकेच.

मी २०१० साली निवृत्त झालो. लाकूडकामाची हौस लहानपणापासूनची, पण नोकरीत वेळ मिळाला नाही. आपल्या डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक छोटा कारखाना बंद होत होता, तिथून मी जुना बँडसॉ विकत घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून पट्ट्यासारखं फिरणारं करवतीचं पातं. शिलाई मशीनवर कापड वळवावं तसं त्यावर लाकूड वळवून कापता येतं. चाकं १२ इंचाची, मोटर एक हॉर्सपॉवरची, खालच्या चाकाला पट्ट्यानं जोडलेली. ते मशीन मी माझ्या गॅरेजमध्ये बसवलं.

आवाज व्हायचा, हे मी मान्य करतो. तेव्हा मान्य करत नव्हतो. २०१२ साली पहिल्या मजल्यावरच्या एका सभासदांनी कमिटीकडे लेखी तक्रार केली. आपण सगळे त्यांना रेल्वेकाका म्हणतो. सर्वसाधारण सभेत खडाजंगी झाली. मी नियम वाचून दाखवले, त्यांनीही दाखवले. शेवटी ‘सकाळी ११ ते १ एवढ्याच वेळेत मशीन चालवावे’ असा ठराव झाला. ठराव मी पाळला, पण काकांशी बोलणं टाकलं. जिन्यात समोरासमोर आलो तर मी मोबाइल बघायचो. सहा वर्षं!

मग उजाडलं २०१८. त्या वर्षी मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली. आपला गणपती दरवर्षी थर्माकोलच्या मखरात बसायचा. आता काय करायचं? मी मीटिंगमध्ये छाती पुढे काढून म्हटलं, “प्लायवूडचं मखर मी कापून देतो. घडी घालून ठेवता येईल, दरवर्षी वापरता येईल.” मुलांनी कमानीची, मोरांची चित्रं काढली. प्लायवूड आणलं. गणेश चतुर्थी होती १३ सप्टेंबरला.

आधीच्या शनिवारी, म्हणजे पाच दिवस आधी, मी बटण दाबलं. मोटर नुसती “हुंsss” करत राहिली. चाक हलेना. दोनतीनदा बटण चालू-बंद केलं. हीच माझी पहिली चूक. जळकट वास आला तेव्हा बंद केलं.

आता दुसरी चूक सांगतो, ती जास्त मोठी. माझ्या मनात पहिला विचार आला तो बिघाडाचा नव्हे, माणसाचा. आदल्या संध्याकाळी गॅरेजचं शटर अर्धवट उघडं राहिलं होतं. म्हटलं, नक्की कुणीतरी हात लावलाय. आणि ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे मी आपल्या तेव्हाच्या सचिवांना बोलूनही दाखवलं. ते बिचारे काही बोलले नाहीत.

अर्ध्या तासानं गॅरेजच्या दारात रेल्वेकाका उभे. हातात मल्टिमीटर, खिशात टेस्टर. म्हणाले, “वरपर्यंत आवाज आला. मोटर गुणगुणतेय, उचलत नाहीये. पुन्हा बटण दाबू नका साहेब, वाइंडिंग जळेल.” काकांनी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आयुष्यभर मोटरी दुरुस्त केल्यात, हे सहा वर्षांत मला माहीतही नव्हतं.

त्यांनी आधी प्लग काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, “हा तुमच्या खिशात ठेवा. स्विच बंद आहे यावर भरवसा ठेवायचा नाही.” मग पात्याचा ताण सैल केला, पट्टा काढला आणि मोटरचा शाफ्ट हातानं फिरवला. छान मोकळा फिरला. म्हणजे बेअरिंग जाम नाही. “कॅपॅसिटर गेलाय,” ते म्हणाले.

मी विचारलं, कॅपॅसिटर नसला तर मोटर फिरत का नाही? त्यांनी जे उत्तर दिलं ते इथल्या सगळ्या आयाबहिणींना लगेच कळेल. आपलं पायाचं शिलाई मशीन आठवा. पायटा नुसता वरखाली होतो. चाक थांबलेलं असताना पाय दाबला तर ते कधी अडून बसतं, कधी उलटं फिरून दोरा तोडतं. म्हणून आपण आधी हातानं चाकाला योग्य बाजूला थोडी गती देतो. एकदा फिरलं की मग पायावर चालतं. घरातली सिंगल फेज वीज तशीच आहे. तिचा जोर वरखाली होतो, पण कुठल्या बाजूला फिरायचं हे ती मोटरला सांगत नाही. मोटरमध्ये म्हणून दुसरं एक वाइंडिंग असतं आणि कॅपॅसिटर त्यातला प्रवाह थोडा पुढेमागे करतो. या दोन प्रवाहांतल्या अंतरामुळे सुरुवातीचा धक्का मिळतो. म्हणजे मशीनच्या चाकावरचा तो हात, तो हा कॅपॅसिटर.

“मग हातानंच धक्का देऊ की,” मी म्हणालो. काका जवळजवळ ओरडलेच. “पातं चढवलेल्या मशीनला? बोटं मोजून घ्या आधी.”

मोटरवरची डबी उघडली. आत काळा, नळकांड्यासारखा कॅपॅसिटर. काकांनी त्याला हात लावू दिला नाही. वीज काढल्यावरही त्यात भार राहू शकतो. होल्डरमधल्या ६० वॅटच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या दोन्ही टोकांना लावून ठेवल्या, मग मीटरवर शून्य व्होल्ट बघितले, तेव्हा तो सोडवला. त्याचं टोपण फुगलं होतं. वर छापलं होतं ८० ते १०० एमएफडी, २७५ व्होल्ट. मीटरनं दाखवले फक्त ९. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पासबुकात शंभर, तिजोरीत नऊ.

दुपारच्या लोकलनं मी लोहार चाळीत गेलो. चिठ्ठीवर काकांनी लिहून दिलं होतं: एमएफडी तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि ‘स्टार्ट’चा. पंख्याचा कॅपॅसिटर अडीच एमएफडीचा असतो आणि पंखा चालू असेपर्यंत काम करत राहतो. हा स्टार्टचा मात्र क्षणभराचा पाहुणा. मोटरनं वेग घेतला की त्याला वाटेतून बाजूला काढतात.

संध्याकाळी बसवला. पट्टा न चढवता बटण दाबलं. मोटर भर्रकन फिरली! मी टाळी वाजवणार तेवढ्यात काकांनी बटण बंद केलं. मोटर थांबेपर्यंत कान देऊन ऐकत राहिले. म्हणाले, “टक् वाजलं नाही.”

मला कळेना. ते म्हणाले, “मोटर पाऊण वेगाला आली की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच टक् करून कॅपॅसिटरला सोडवतो. मोटर थांबताना पुन्हा टक् करून जोडतो. तुमच्याकडे एकदाही वाजलं नाही. म्हणजे स्विच चिकटलाय. पाहुण्याला दिवसभर जात्याला जुंपला होता तुम्ही. तो मरणार नाही तर काय? नवा घातलात तरी हाही जाणार.”

मंडळी, इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. कॅश कमी पडली म्हणून कॅशियरनं स्वतःच्या खिशातले पैसे घातले, तर त्या दिवसापुरती कॅश जुळते. चूक आहे तिथेच राहते. बुडालेली रक्कम आणि ती कशी बुडाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी ३४ वर्षं इतरांना हे शिकवलं आणि माझ्याच मशीनपाशी विसरलो.

दुसऱ्या दिवशी रविवारी पुन्हा प्लग खिशात ठेवून आणि कॅपॅसिटर बल्बवर रिकामा करून मोटर उघडली. झाकण आणि बॉडी यांवर आधी खुणा केल्या, म्हणजे परत तसंच बसेल. आत स्विचच्या खाचांमध्ये पिठासारखा बारीक भुसा गच्च बसला होता आणि त्याचे पॉइंट काळे पडून चिकटले होते. ब्रशनं भुसा काढला, बारीक पॉलिश पेपरनं पॉइंट घासले. मोटर जोडली, बटण दाबलं. टक्! बंद केलं, वेग उतरला, पुन्हा टक्! इतका गोड आवाज मी क्वचित ऐकला असेल.

तर मशीन कुणी बिघडवलं? माझ्या भुशानं. सहा वर्षं मी मशीन वापरलं, पण एकदाही आतून साफ केलं नव्हतं.

मी तिथेच काकांची माफी मागितली. काय बोललो होतो तेही सांगितलं. ते म्हणाले, “कळलं होतं मला. पण मोटर जळू कशी द्यायची?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “त्या वर्षी हिची केमो चालू होती. रात्रभर डोळा लागायचा नाही, सकाळी कुठे झोप लागायची. म्हणून तो अर्ज दिला.”

काकू २०१४ मध्ये गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला मी खालच्या गेटपर्यंत गेलो होतो. अर्जात काकांनी कारण लिहिलं नव्हतं, हे खरं. पण एक मजला चढून मी विचारलंही नव्हतं. सभेत मात्र मी उपविधी वाचून दाखवले होते.

मखर मंगळवारी रात्री पूर्ण झालं. आजही तेच वापरतो. डाव्या मोराची मान थोडी वाकडी आहे, ती काकांनी कापली. ते समोर बसलेत, हात करून ‘आवरा’ म्हणतायत. आवरतो.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. घरातली किंवा सोसायटीची कुठलीही मोटर, मग ती पंपाची असो की मशीनची, गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. हातानं ढकलू नका. जाणत्या माणसाला बोलवा. आणि नवा कॅपॅसिटर बसवल्यावर त्याला एवढं जरूर विचारा, की जुना का गेला?

दुसरी गोष्ट मशीनची नाही. शेजारी गप्प झाला असेल, नुसताच धुसफुसत असेल, तर तिथेही बटणं दाबत बसू नका. वर जाऊन बेल वाजवा. पुढची पंचवीस वर्षं मी बघीन असं नाही, पण तुम्ही एवढं केलंत तर ती चांगली जातील.