नकलेतून हात बसतो

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमातील भाषण)

माझा डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी राज्य सरकारची. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. तैलरंग मी शिकतोय ते नक्कल करून, आणि नक्कलही एकाच चित्राची. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातली 'मरणोन्मुख राजकन्या'.

घरी येणारे विचारतात, "यात तुमचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण हा रस्ता जुनाच आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन कॅनव्हासवर तैलरंगात नकला करवून घेत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे त्यांनी पारशी घरांतली माणसं किती जिवंत रंगवली! लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. हात मात्र तयार झाले होते.

आपल्या हैदराबादचाही यात वाटा आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम नकला करायला आल्या, तेव्हा नंदलाल बोस यांच्यासारख्या बंगाली चित्रकारांबरोबर इथले सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीनही होते. पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या नकला आहेत. बिर्ला मंदिर पाहून परत फिरणाऱ्यांनी तिकडेही वळावं.

आता चित्राकडे येतो. राजकन्या बैठकीवर कलली आहे, डावा हात उशीवर, मान ढळलेली, पापण्या मिटत आलेल्या. मागून एकीने तिला सावरलंय. एक मुलगी छातीवर हात ठेवून तिच्याकडे पाहतेय, दुसरी पंख्याने वारा घालतेय. दारातून पांढऱ्या टोपीतला म्हातारा डोकावतोय. ग्रिफिथ्सना ती मरणाला टेकलेली वाटली. नंतरच्या अभ्यासकांनी ही नंदाची बायको सुंदरी मानली. नवरा भिक्षू झाला, त्याचा मुकुट घरी आला आणि तिला मूर्च्छा आली.

सगळ्या चित्रात अश्रू कुठेच नाही. दुःख आहे ते मानेच्या एका रेषेत. ती रेषा दोरीभर सरळ झाली की बाई नुसती झोपलेली दिसते. हे मला पुस्तक वाचून कधीच कळलं नसतं. मी चौकटी आखून रेखाटन उतरवतो, मग कागद उलटा धरून तपासतो. उलटं धरलं की नाक-डोळे दिसत नाहीत, नुसता कल दिसतो.

रंग मोजकेच : पिवळी माती, गेरू, हिरवी माती, काळा, पांढरा. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर जवसाच्या तेलाचे. क्रम उलटा झाला तर रंग तडकतो. आपल्या पावसाळ्यात थर वाळायला आठवडा सहज लागतो. तेवढे दिवस नुसतं बघत बसायचं. माझ्या मते खरं शिक्षण त्याच दिवसांत होतं.

नकलेने नुकसानही केलंय, तेही सांगायला हवं. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून त्या काळच्या नकलाकारांनी मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं. ते पिवळं पडलं, आणि पुढच्यांना ते काढत बसावं लागलं. मी आपला छापील चित्रावरून काढतो.

सध्या गाडी दारातल्या म्हाताऱ्यापाशी अडली आहे. त्याला आत यायचंय की परत फिरायचंय, हे माझ्या ब्रशला अजून ठरवता आलेलं नाही. कॅनव्हास आज मागच्या टेबलावर ठेवलाय. चहा घेताना बघा आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा. फक्त हात लावू नका, उशी अजून ओली आहे.