पाळ कोणाची, पाणी कोणाचे?

(नागझिऱ्याच्या पायथ्याशी भरलेल्या अभ्यास शिबिरात यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून आलेल्या कार्यकर्त्यांसमोर एका धानउत्पादक शेतकऱ्याने केलेले भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून आमच्या झाडीपट्टीत आलात. सकाळी रस्त्याने येताना तुमच्यातले एक भाऊ म्हणाले, "तुमचं बरं आहे बुवा, गावोगाव तलाव. आमच्याकडे पाऊस गेला की सगळंच गेलं." ते ऐकले आणि ठरवले, आज बोलायचे ते या तलावांवरच. कारण आमचे तलाव रस्त्यावरून दिसतात तसे नाहीत.

नागझिरा म्हटले की शहरातल्या माणसाला वाघ आठवतो. १९७० साली येथे अभयारण्य झाले. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पर्यटक येतात, गाडीतून जंगल पाहतात आणि परत जातात. पण या भागातल्या गावांची नावे एकदा सावकाश वाचा. पिटेझरी, मंगेझरी, थाडेझरी आणि हा नागझिरा. झरी काय, झिरा काय, दोन्ही पाण्याचीच नावे. ज्यांनी गावे वसवली त्यांनी आधी पाणी पाहिले, मग घर बांधले.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे पाऊस आमच्यापेक्षा जास्त, मग तलाव कशाला? पाऊस जास्त आहे हे खरे. पण धानाच्या बांधीत पाणी उभे राहावे लागते. आषाढ-श्रावणात धो धो पडला आणि भादव्यात पंधरा दिवस दडला, तर लोंबी पोचट राहते. वर्षाची मेहनत त्या पंधरा दिवसांत जाते. म्हणजे आमचीही शेती पावसाचीच. फरक एवढाच की आमच्या पूर्वजांनी श्रावणाचे पाणी भादव्यासाठी राखून ठेवण्याची सोय केली.

ही सोय कोणी केली? चांद्याच्या गोंड राजांच्या काळची आठवण लोक सांगतात. जो जंगल काढून तलाव बांधेल, त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन मिळे. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर भागात तुकूम हे नाव आजही आहे. तलाव बांधण्यात निष्णात असा कोहळी समाज. राजाने त्यांना बनारसकडून आणले अशी त्यांची परंपरा आहे. येथून जवळच नवेगाव बांध आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. बांध पुरा करायला त्या मदतीला आल्या असे लोक मानतात. आणि कोलू पाटलाचे काय झाले? लोकांनी त्याला कोलासूर म्हणून देव केले. लढाई जिंकलेल्या राजाला विसरले, पण पाणी अडवणाऱ्या पाटलाला शेंदूर लावला. शेतकरी कोणाला मानतो, ते यात आले.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. एवढे तलाव कोणत्याही योजनेतून झालेले नाहीत. बांधणाऱ्याला फळ मिळत होते, म्हणून झाले. तलाव नीट बांधला तर त्याचेच धान पिकत होते, त्याचाच ऊस उभा राहत होता, त्याचाच गूळ बाजारात जात होता. ही गोष्ट मनात धरून ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

आता तलाव चालतो कसा ते सांगतो. उताराला आडवी मातीची पाळ. जास्तीचे पाणी जायला एका बाजूला सलंग, म्हणजे तुमच्या भाषेत सांडवा. शेतात पाणी सोडायला पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे मोरीचे दार. वरच्या तलावाची सलंग वाहिली की पाणी खालच्या तलावात जाते, तेथून त्याच्या खालच्या. शिवाय शेतकऱ्यांच्या स्वतःच्या लहान लहान बोड्या. या सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे पाणकर. कोणाच्या बांधीला आज पाणी, कोणाच्या उद्या, हे तो पाहायचा. त्याला मोबदला धानात मिळायचा. पाणी कमी असले की गावाने बसून पाळी ठरवायची आणि पाणकराने ती अमलात आणायची. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढायचा आणि बांधीत टाकायचा. तलाव खोल होई, बांधीला खत मिळे.

तलावावर एकटा धानवालाच जगत नव्हता. ढीवरांची मासळी त्यात, शिंगाडा त्यात. गुरांचे पाणी, धुणे, पोरांचे पोहणे सगळे तेथेच. धान घरात आले की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार आणि झाडीपट्टीचे नाटक उभे राहते, लेकीबाळी माहेरी येतात. तलाव भरला नाही त्या वर्षी मंडईतही जीव नसतो.

पण भावांनो, जुने ते सगळे सोने होते असे मी म्हणणार नाही. इंग्रजी अमलात गावे मालगुजारांच्या मालकीची झाली. काही मालगुजार चांगले होते, काही वाईट. पाळीवर माती टाकायला गरिबाला बिगारीवर नेत. आमच्या गावचे एक म्हातारे म्हणायचे, "पाळ आमच्या घामाची, नाव मात्र मालगुजाराचं." म्हणून मालगुजारी गेली याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते मालगुजाराच्या हातातला तलाव गावाच्या हातात आला नाही याचे.

तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५० साली मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. तलाव सरकारजमा झाले. पुढे राज्ये बदलली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. नाव पडले माजी मालगुजारी तलाव. लोक त्याला थोडक्यात मामा तलाव म्हणतात. मामा झाला खरा, पण भाच्याकडे पाहणारा कोणी उरला नाही. मालगुजार निदान गावात राहत होता, तलाव फुटला तर त्याचेही धान बुडत होते. खात्याचे काय बुडते?

माझ्या गावची गोष्ट सांगतो. एका वर्षी भादव्यात वीस दिवस पाऊस नाही. तलावात पाणी होते, पण निम्मेच, कारण निम्मी जागा गाळाने घेतलेली. तुडूम गाळात बसलेले. आम्ही चौघे एका कार्यालयात गेलो. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी सांगितले, अर्ज द्या. तिसऱ्या दिवशी कळले, हा तलाव नक्की कोणाकडे आहे ते आधी तपासावे लागेल. चौथ्या रात्री गावातले पंधरा-वीस जण छातीइतक्या पाण्यात उतरले. एका ढीवर म्हाताऱ्याला तुडमाचे तोंड ठाऊक होते. हातांनी गाळ उपसला आणि पाणी सुटले. पहाटेपर्यंत वरच्या बांध्या भरल्या. खालच्या कोरड्या राहिल्या. माझी बांधी खालची.

मी त्या दिवशी साहेबावर रागावलो, शेजाऱ्यावर त्याहून जास्त रागावलो. वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. नंतर शांतपणे हिशेब केला, तेव्हा लक्षात आले की ते पाणी खालपर्यंत पुरले असते. वरच्यांनी बांध्या काठोकाठ भरल्या, कारण उद्या पुन्हा पाणी मिळेल याचा भरवसा कोणालाच नव्हता. पाळी लावणारा पाणकर नव्हता. गाळ उपसता येतो, भावांनो. पण पाळी एकदा मोडली की शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो.

सरकारने पाण्यासाठी काहीच केले नाही असे नाही. वैनगंगेवर गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. तो वाढत वाढत हजारो कोटींत गेला. एक पिढी कालव्याच्या वाटेकडे पाहत म्हातारी झाली. आणि तेवढ्या काळात बांधून तयार असलेले हजारो तलाव गाळाने भरत राहिले. पुढे तलाव दुरुस्तीच्या योजना आल्या. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आली. गाळ निघाला तेथे चांगलेच झाले. पण यंत्राने एकदा गाळ काढून तलाव वाचत नाही. दहा वर्षांनी पुन्हा गाळ साचणार, तेव्हा कोण काढणार?

याला उत्तर शोधणारी माणसेही याच भागात आहेत. अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढीवरांच्या बरोबर काम केले. तलावात बेशरम माजली होती. ती हातांनी उपटून काढली. तलावाचा तळ नांगरला आणि मासळीला लागणाऱ्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या झाडाखाली कोणती मासळी राहते हे ज्ञान म्हाताऱ्या ढीवरांच्या डोक्यात होते. मासळी वाढली तर ती त्यांचीच, म्हणून ते चिखलात उतरले. पाहा, कोलू पाटलाच्या काळचाच नियम. मेहनत करणाऱ्याला फळ.

आता तुमच्याकडे येतो. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. वर्ध्याकडे मालगुजारी होती. तुमच्या कापसाला तलावाचे पाणी मिळेल असे मी सांगत नाही, जमीन वेगळी, पीक वेगळे. पण नाल्यावरचे बंधारे, गावतळी, पाझर तलाव तुमच्याकडेही आहेत. परत गेल्यावर तीन गोष्टी करा. पहिली, शिवारातल्या प्रत्येक पाणवठ्याची यादी करा आणि तो कोणत्या खात्याच्या नावावर आहे ते लिहून काढा. अर्ज घेऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळू नये. दुसरी, जुने कागद मिळवा. मालगुजारीच्या गावांत वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकात गावाचे पाण्याचे, गुरांचे, जळणाचे हक्क लिहिलेले असतात. जंगलालगतच्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यातल्या मासळीवरही सामूहिक हक्क दिला आहे. तिसरी, गावात नवा बंधारा मंजूर झाला तर ठेकेदार येण्याआधी ग्रामसभेत विचारा, गाळ कोण काढणार, तो कोणाच्या शेतात जाणार आणि टंचाईत पाणी कोणाला किती मिळणार? उत्तर ठरले नाही तर तो बंधारा तुमचा नाही, ठेकेदाराचा आहे.

आमच्या गावात गेल्या दोन वर्षांपासून आम्ही पुन्हा पाणकर नेमला आहे. कागदोपत्री त्याला काही अधिकार नाही. घरटी पायलीभर धान देतो. पहिल्या वर्षी तीन घरांनी दिले नाही, दुसऱ्या वर्षी एकाने. पाळी खालच्या टोकापासून लावायची की वरच्या, यावर दोन रात्री भांडण झाले. पण भांडण धान वाळायच्या आधी झाले, नंतर नाही. आणि ज्या शेजाऱ्याशी मी बोलत नव्हतो, तोच आज पाणकर आहे.

सकाळच्या त्या भावांना माझे एवढेच सांगणे. आमच्याकडे तलाव होतेच. नव्हती ती पाळी. ती सरकारकडून मिळत नाही, गावालाच लावावी लागते.